वाचक विचारतात : मराठी कवितेचं आर्ट साँग कसं रचायचं?

'गायक आणि पियानो यांच्यासाठी एक आर्ट साँग रचा, दोन ते तीन मिनिटांचं, संपूर्ण स्टाफ नोटेशनसह.' पाश्चात्त्य संगीताच्या थिअरीच्या वर्गात हा स्वाध्याय मिळाला की काय अडतं, ते ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांनी या वेळी विचारलं आहे. बहुतेकांचा गळा पेटीवर तयार झालेला आहे, कान भावगीतांवर, आणि समोर आता पाच रेघांचा कागद आहे. उत्तरं त्यांच्या बाजूनं विचार करून दिली आहेत.

आर्ट साँग म्हणजे काय, ते थोडक्यात. आधीच लिहिलेली कविता, एक गायक, एक पियानो आणि दोघांचाही प्रत्येक स्वर कागदावर उतरवलेला. कडव्यामागून मुखड्यावर परत येणं नाही, ठेका नाही, मधले म्युझिक पीस नाहीत.

प्रश्न : कविता कोणती आणि केवढी घ्यावी? अभंग चालेल का? कवीची परवानगी लागते का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

लांबीचा हिशेब आधी करा, म्हणजे निवड सोपी होते. क्रॉचेट (एका ठोक्याचा स्वर) 66, म्हणजे मिनिटाला 66 ठोके, या लयीत चार ठोक्यांचा एक बार साधारण 3.6 सेकंदांचा होतो. सोळा मात्रांची ओळ दोन बारमध्ये बसते. दर दोन ओळींमागे श्वासासाठी आणि स्वर ओढण्यासाठी एक बार जास्तीचा धरा. आठ ओळींचे 16 बार, श्वासाचे 4, सुरुवातीला पियानोचे 4, मध्ये 2, शेवटी 4. झाले 30 बार, म्हणजे जवळपास एक मिनिट पन्नास सेकंद. बारा ओळी घेतल्या आणि मध्ये दोनदा पियानो आला तर 42 बार, म्हणजे अडीच मिनिटं. त्यापुढे जाऊ नका. पहिल्यांदा रचणाऱ्याची सोळा ओळींची कविता बहुधा बाराव्या ओळीपाशी दमते आणि उरलेल्या चार ओळी तीच चाल फिरवून कशातरी उरकल्या जातात.

आठ-बारा ओळींत भावाला एक वळण हवं. पहिल्या सहा ओळी बाहेरचं दृश्य आणि नंतर मनातलं काही, असं वळण पियानोला फार उपयोगी पडतं. नुसत्या वर्णनाच्या कवितेत दुसऱ्या कडव्यापाशी नवं काय करायचं हेच सुचत नाही. ध्रुवपद असलेली कविता पहिल्या प्रयत्नात टाळा. ध्रुवपद आलं की हात आपोआप भावगीताच्या वाटेला लागतो.

अभंगाला बंदी नाही, पण त्यात एक धोका आहे. प्रसिद्ध अभंगाची चाल लहानपणापासून कानात बसलेली असते आणि तुमच्या नकळत तीच कागदावर उतरते. कमी गायली गेलेली रचना घ्या.

आपल्याकडे कवीचं निधन झालेल्या वर्षाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं स्वामित्वहक्क राहतो. केशवसुत 1905 साली गेले, बालकवी 1918 साली. त्यांच्या कविता मोकळ्या आहेत. नव्या कवीच्या ओळी घरच्या अभ्यासापुरत्या वापरायला अडचण येत नाही. गाणं कार्यक्रमात गायचं किंवा इंटरनेटवर टाकायचं असेल तर मात्र आधी लेखी परवानगी घ्या. अनुवादित कवितेत अनुवादकाचा हक्क वेगळा असतो, हे बऱ्याचदा विसरलं जातं.

प्रश्न : चाल चांगली आहे, पण 'शब्द तुटतात' असा शेरा मिळाला. नेमकं काय चुकतं?
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

चाल आधी सुचली आणि शब्द मागून बसवले, हे चुकतं. गाण्याची पहिली लय कवितेतच असते, ती काढून घ्यायची. त्यासाठी इथे एक साधी जोडी रचून घेऊ :

खाडीवरती वारा आला
पाण्यावरती सांज उतरली

मात्रा मोजा. खा-डी-व-र-ती : 2, 2, 1, 1, 2, म्हणजे आठ. वा-रा-आ-ला : आठ. पा-ण्या-व-र-ती : आठ. सां-ज-उ-त-र-ली : 2, 1, 1, 1, 1, 2, पुन्हा आठ. लघूला क्वेव्हर (अर्ध्या ठोक्याचा स्वर) आणि गुरूला क्रॉचेट दिला की आठ मात्रांचा चार ठोक्यांचा एक बार बरोबर भरतो. हा झाला कच्चा सांगाडा. तो तसाच गायलात तर पाढे म्हटल्यासारखा वाटेल, पण त्यात एकही शब्द तुटणार नाही. यापुढचं सगळं काम या सांगाड्यात कुठे ताणायचं आणि कुठे नाही, एवढंच.

गुरू अक्षर हवं तेवढं ताणा, लघू ताणू नका. 'आला'मधला 'ला' पुढच्या बारमध्ये आणखी दोन ठोके ओढला आणि मग दोन ठोके श्वासाला दिले, तर वारा खरंच आल्यासारखा वाटतो. त्याऐवजी 'वरती'तला 'व' मिनिमवर (दोन ठोक्यांच्या स्वरावर) ठेवला तर ऐकणाऱ्याला 'वाऽरती' ऐकू येतं. इंग्रजी किंवा जर्मन शब्दाला ठरलेला आघात असतो, तो जोरकस ठोक्यावर ठेवला की काम भागतं. मराठीत आघात सौम्य असतो. आपला कान पकडतो तो ऱ्हस्व-दीर्घ, आणि तिथे चूक झाली की शब्दच बदलतो. 'दिन' लांबवला की 'दीन' होतो.

आता या जोडीतली सगळ्यात अवघड जागा. कागदावर 'वरती' तीन अक्षरांचा आहे, पण बोलताना आपण 'वर्-ती' म्हणतो. 'उतरली'चं 'उ-तर्-ली' होतं. 'सांज' तर एकाच दमात संपतो. छंदात हे उरलेले अकार मोजले जातात, बोलण्यात गळतात. म्हणून अशा जोडीच्या दोन क्वेव्हरना एकच स्वर द्या. 'व' आणि 'र' दोन्ही जी (G) या स्वरावर ठेवले तर गायक हवं तर दोन अक्षरं म्हणेल, हवं तर एक, आणि दोन्ही बरोबर वाटेल. 'र' वरच्या स्वरावर उडी मारून गेला की 'व-रऽ-ती' असा तिसराच शब्द तयार होतो. तुमच्या वहीत शेरा पडला तो बहुधा अशाच जागी.

जोडाक्षराच्या आधीचं लघू अक्षर गुरू होतं, जसं 'रस्ता'मधला 'र'. पण 'तुम्ही'तला 'तु' आणि 'कुऱ्हाड'मधला 'कु' लघूच राहतात, कारण तिथे आधीच्या अक्षरावर जोर येत नाही. पाठ्यपुस्तकातला नियम डोळे झाकून लावला तर इथे फसगत होते. ओळ मोठ्यानं म्हणून बघा आणि कानाचं ऐका.

विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शिखरावर ठेवू नका. 'पाण्यावरती'त उंच स्वर 'पा'ला हवा, 'ती'ला नको. सगळ्यात वरच्या स्वरावर शक्यतो 'आ' किंवा 'ओ' येऊ द्या. 'ई' आणि 'ऊ' वर गेले की नवख्या गायकाचा गळा आवळतो. 'सां'वरचा अनुस्वार 'आ' पूर्ण गाऊन झाल्यावर अगदी शेवटी येतो, ही सूचना गायकाच्या प्रतीत लिहून ठेवा. गायक अमराठी असेल तर 'सांज'मधला ज 'जहाज'मधल्यासारखा आहे, 'जीवन'मधल्यासारखा नाही, हेही लिहा.

आता याच सांगाड्यावर डी मायनरमध्ये चाल बघा. पहिला बार : खा ए, डी ए, व-र जी-जी, ती एफ. दुसरा : वा जी, रा बी फ्लॅट, आ वरचा डी, ला डी. तिसऱ्या बारमध्ये 'ला' दोन ठोके ओढलेला, मग श्वास. चौथा : पा डी, ण्या सी, व-र बी फ्लॅट दोनदा, ती ए. पाचवा : सां-ज जी, उ एफ, त-र एफ-एफ, ली ई. सगळी चाल मध्य सीच्या वरच्या ईपासून त्याच्या वरच्या डीपर्यंत, म्हणजे एका सप्तकाच्या आतच आहे. पेटीच्या काळी पाच पट्टीत गाणाऱ्या मुलीलाही ती सहज पेलते. शिखर 'आला'च्या दोन आकारांवर पडलं आहे आणि संध्याकाळ उतरते तशी ओळही खाली येते. एवढं शब्दचित्र पुरे. वाऱ्यासाठी वेगळी तान घालायला जाऊ नका.

प्रश्न : पियानोच्या उजव्या हातात चाल आणि डाव्यात कॉर्ड लिहिले. 'ही पेटीची साथ झाली' म्हणून परत आलं. मग पियानोनं करायचं काय?
— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

शेरा योग्य आहे, आणि चूक कुठून आली तेही समजण्यासारखं आहे. पेटीची साथ गळ्यामागून चालते. गायक जाईल तिथे जायचं आणि जागा भरायची, हाच तिचा धर्म आणि तेच तिचं कौशल्य. आर्ट साँगमधला पियानो गायकाच्या आधी बोलायला लागतो आणि गायक थांबल्यावरही बोलत राहतो. कवितेतली जी गोष्ट गायक म्हणत नाही, ती त्याच्या वाट्याला येते.

ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टनं 1814 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, जर्मन कवी गटेच्या 'फाउस्ट' या नाटकामधल्या चरख्यापाशी बसलेल्या ग्रेटशेनचं गाणं रचलं. त्यात उजव्या हातातले सेमीक्वेव्हर (पाव ठोक्याचे स्वर) चाकासारखे अखंड फिरत राहतात. तिला प्रियकराच्या चुंबनाची आठवण होते तिथे चाक थांबतं, आणि मग अडखळत पुन्हा सुरू होतं. ती गाताना हातातलं काम थांबल्याचं सांगत नाही, ते पियानो सांगतो. हे गाणं स्वरलिपी समोर ठेवून चार वेळा ऐका. पियानोला काम देणं म्हणजे काय, ते तिथे डोळ्यांना दिसतं.

स्वतःच्या गाण्यात हे करायचं तर क्रम असा ठेवा. चालीखाली आधी फक्त बेस, म्हणजे सगळ्यात खालची ओळ, लिहा, एका वेळी एकच स्वर. चाल आणि बेस एवढे दोनच स्वर वाजवून गाणं उभं राहतंय का ते बघा. राहत नसेल तर कॉर्ड भरून ते उभं राहणार नाही. दोघांमध्ये लागोपाठ फिफ्थ (सा-प एवढं अंतर) किंवा ऑक्टेव्ह (सप्तकाचं अंतर) आले आहेत का, तेही याच टप्प्यावर तपासा. नंतर आठ क्वेव्हरच्या गर्दीत ते सापडत नाहीत.

बेस पक्का झाला की कॉर्ड ठरवा. वरच्या चालीला हे चालतील : पहिल्या बारमध्ये डी मायनर, दुसऱ्यात जी मायनर (बेस डीवरच), तिसऱ्यात डी मायनर, चौथ्यात बी फ्लॅट आणि मग एफ, पाचव्यात जी मायनर आणि मग ए मेजर. 'ला'वर गायक डी धरून उभा आहे, त्याच्याखाली काय घडतं ते बघा. तोच डी आधी जी मायनरचा पाचवा स्वर असतो, मग डी मायनरचा पहिला होतो, आणि श्वासानंतर 'पा'वर बी फ्लॅटचा तिसरा. स्वर एकच आहे, त्याच्यावरचा उजेड तीनदा बदलतो. चौथ्या बारमध्ये 'वर'चा बी फ्लॅट एफ कॉर्डवर टोचतो आणि 'ती'च्या एवर सुटतो. पाचव्यात 'तर'चा एफ तसाच ए मेजरवर टोचून 'ली'च्या ईवर येतो. असे टोचून सुटणारे दोन स्वर असले की हार्मनी जिवंत वाटते.

सगळ्यात शेवटी पियानोची आकृती. इथे पाणी आहे, म्हणून डाव्या हातात आठ क्वेव्हर : मध्य सीच्या खालच्या सप्तकातल्या डीपासून डी–ए–डी–ई–एफ–ई–डी–ए. जी मायनर आला की डी–जी–बी फ्लॅट–सी–डी–सी–बी फ्लॅट–जी. आकार तोच, पाणी तेच, उंची वेगळी. पहिल्या दोन ओळी उजवा हात जवळजवळ मोकळा ठेवा. गायकाच्या श्वासात त्यानं दोन-तीन स्वर टाकले तरी पुरतात. 'उतरली'च्या ए मेजरवर आकृती थांबवा आणि कॉर्ड नुसता धरा. वाहतं पाणी पहिल्यांदाच थांबतं, आणि ऐकणाऱ्याचं लक्ष आपोआप पुढच्या ओळीकडे लागतं.

नेहमी बिघडणाऱ्या दोन जागा अशा. मध्य सीच्या खालच्या सीपासून आणखी खाली जवळजवळचे थर्ड (सा-ग एवढं अंतर) लिहिले की नुसता गडगडाट होतो. तिथे फिफ्थ किंवा ऑक्टेव्हचं अंतर ठेवा आणि मधले स्वर वर न्या. दुसरी जागा प्रस्तावनेची. चार बार सुंदर वाजतात आणि गायकाला पहिला स्वरच सापडत नाही. प्रस्तावनेच्या शेवटच्या बारमध्ये त्याचा पहिला स्वर, इथे ए, सगळ्यात वर स्पष्ट ऐकू येऊ द्या. चाल पियानोत मुळीच वाजू नये असं नाही. अवघड उडीच्या जागी एक-दोन स्वरांचा आधार दिला तर ती कमजोरी मानू नका.

प्रश्न : गांधर्व महाविद्यालयाच्या शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिल्या आहेत, त्यामुळे सुचतं ते रागातच. यमनमध्ये आर्ट साँग होईल का?
— एक वाचक, घंटाळी, ठाणे

होईल, पण पियानो कुठे आड येतो ते आधी ओळखा.

थाट आणि पाश्चात्त्य मोड (स्वरमालिका) यांची जोडी लावता येते : कल्याण म्हणजे लिडियन, खमाज म्हणजे मिक्सोलिडियन, काफी म्हणजे डोरियन, आसावरी म्हणजे नॅचरल मायनर, भैरवी म्हणजे फ्रिजियन. कीरवाणीचे स्वर हार्मोनिक मायनरचे. पण ही जोडी स्वरांची झाली. राग चलनात असतो, हे तुम्हाला सांगायला नको. तेव्हा वहीत 'राग यमन' असं न लिहिता 'यमनच्या स्वरांवर आधारित' लिहा.

सी हा षड्ज धरला तर पहिली अडचण जी सेव्हन्थची. त्या कॉर्डमध्ये एफ, म्हणजे शुद्ध मध्यम असतो, आणि तो वाजला की यमन मोडतो. सेव्हन्थ न घेता नुसता जी वाजवा, किंवा बेसमध्ये सी धरून वर डी मेजर ठेवा. त्यातला एफ शार्प जीकडे ओढ घेतो आणि तीव्र मध्यमाचा रंग उठून दिसतो.

दुसरी अडचण गंधाराची. तानपुऱ्यावर तयार झालेला गळा जो शुद्ध गंधार लावतो, त्यापेक्षा पियानोचा मेजर थर्ड सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो. गायक गंधारावर लांब थांबणार असेल तर त्या वेळी पियानोत गंधार ठेवू नका. सी आणि जी एवढेच वाजू द्या आणि गंधार गळ्याचा गळ्यालाच लावू द्या. मींडेच्या वेळीही कॉर्ड स्थिर ठेवा. मींड चालू असताना खाली हार्मनी बदलली की गायक बेसूर वाटतो, आणि दोष त्याच्या गळ्यावर जातो.

प्रश्न : तीन कडव्यांना एकच चाल ठेवली तर गुण कमी होतील का? आणि शेवट कसा करावा?
— एक वाचक, खारघर, नवी मुंबई

एकच चाल ठेवणं हा कमी दर्जाचा प्रकार नाही. स्ट्रोफिक गाणी शूबर्टनंही भरपूर रचली. पण तीन कडव्यांच्या मात्रा सारख्या असल्या तरी लघू-गुरूंच्या जागा सारख्या नसतात. पहिल्या कडव्यात ज्या क्रॉचेटवर 'वा' होता तिथे दुसऱ्यात 'नि-ळ' आलं तर त्याचे दोन क्वेव्हर करावेच लागतात. हे न करता नुसते शब्द एकाखाली एक टाकले, तर गुण तिथे जातात.

सगळ्यात उपयोगी पडतो तो मधला मार्ग : पहिली दोन कडवी एका चालीत, दुसऱ्यात पियानोची आकृती बदललेली, आणि तिसऱ्यात जिथे कविता वळते तिथे नवी चाल. डी मायनरमधून एफ मेजरला जाणं सोपं आहे, दोन्हींची 'की सिग्नेचर' (ओळीच्या सुरुवातीच्या शार्प-फ्लॅटच्या खुणा) एकच असते. परत यायला सी शार्प पुरतो.

शेवट कवितेला विचारा. ओळ प्रश्नावर संपत असेल तर गायकाला डीवर आणून बसवू नका, एवर सोडा. जर्मन संगीतकार शूमानच्या 1840 च्या 'डिश्टरलीब' या गीतमालेतलं पहिलं गाणं डॉमिनंट सेव्हन्थवर (मूळ स्वराकडे ओढ घेणाऱ्या कॉर्डवर) संपतं, सुटतच नाही, कारण शब्दांमध्येही ओढ उरलेली आहे. असं करायचं असेल तर शेवटच्या कॉर्डवर फर्माटा (स्वर लांबवण्याची खूण) घाला आणि समालोचनात, म्हणजे गाण्यासोबतच्या लेखी टिपणात, कारण लिहा. नाहीतर तपासणाऱ्याला शेवटचा बार राहून गेला असं वाटेल.

प्रश्न : म्यूझस्कोर या नोटेशन लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी शब्द टाकले की चौकोन दिसतात, अक्षरं भलत्याच ठिकाणी तुटतात.
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

चौकोन दिसतात म्हणजे निवडलेल्या फाँटमध्ये देवनागरी नाही. स्टाइलमध्ये लिरिक्सचा फाँट मंगल किंवा नोटो सान्स देवनागरी करा. जुन्या डीटीपी फाँटमधला मजकूर चिकटवू नका, युनिकोडमध्ये नव्यानं टाइप करा.

स्वर निवडून कंट्रोल आणि एल दाबा. शब्द संपला की स्पेस, शब्दाच्या आत हायफन, आणि एक अक्षर अनेक स्वरांवर ओढायचं असेल तर अंडरस्कोर. तोडताना 'पा-ण्या' असंच तोडा, 'पाण्-या' नको. 'वर्-ती'सारखी जागा एकाच स्वरावर हवी असेल तर 'वर' हे दोन्ही वर्ण त्या एका स्वराखाली लिहा.

घरी पियानोऐवजी 61 पट्ट्यांचा कीबोर्ड असेल तर त्याची सगळ्यात खालची पट्टी मध्य सीच्या खाली दोन सप्तकं, म्हणजे सीवरच संपते. बेस त्याच्या खाली लिहिला असेल तर तो तुम्हाला वाजवून पाहता येणार नाही, हे धरून चाला. ट्रान्सपोजचं बटण शून्यावर आहे ना, तेही बघा. ते एकावर राहिलं असेल तर डी मायनरचं गाणं ई फ्लॅट मायनरमध्ये ऐकू येतं आणि गायकाला वरचा स्वर का लागत नाही, याचा पत्ता लागत नाही. सस्टेन पेडल लावा, पण प्रत्येक कॉर्ड बदलताना ते सोडून पुन्हा दाबा. वरच्या उदाहरणात चौथ्या बारच्या तिसऱ्या ठोक्यावर पेडल बदललं नाही, तर बी फ्लॅट आणि एफ एकमेकांत मिसळतात आणि 'ती'चा सुटलेला ए ऐकूच येत नाही.